चोवीस नंबरने छातीवर हात ठेवला

१४ डिसेंबर, रविवार

आमच्या बॉसचा, ग्रेगचा मेल. शनिवारची अमेरिकन फुटबॉलची फायनल मला तपासायला दिली आहे! हिरव्या टीमचे मागचे दोघे, म्हणजे दोन्ही सेफ्टी. चार सीझन कुठल्या कुठल्या किरकोळ मॅचेस तपासल्या, आता एकदाची फायनल. छोट्या कॉलेजांची का असेना. मिलिंद म्हणाला, "पार्टी हवी." बायकोचं कौतुक म्हणून पार्टी, आणि स्वयंपाक बायकोनेच करायचा. बरं आहे.

संध्याकाळी सई आली, सेमिस्टर संपवून. बॅग दारात, बूट हॉलमध्ये, डोकं फ्रिजमध्ये. घर भरलं.

फायनलचं ऐकून ती माझ्यापेक्षा जोरात ओरडली. तसं हे सगळं तिच्यामुळेच. शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायची, म्हणून चार वर्षं दर शुक्रवारी मी त्या गार बाकांवर बसले. बँड मध्यंतरात दहा मिनिटं, बाकीचा वेळ काय करणार? मॅच बघायला लागले. शेजारच्या एका आजोबांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. अमेरिकेत, अर्विंगला येण्याआधी पुण्यात अकरा वर्षं गणित शिकवलं, दहावीचे बोर्डाचे पेपर तपासले. ती खोड जात नाही. कोण चुकलं, कुठल्या पायरीला चुकलं ते दिसायला लागलं. पुढे वर्क परमिट आलं आणि ही नोकरी सापडली. घरी बसून फिल्म बघायची आणि प्रत्येक खेळाडूला प्रत्येक चालीचे गुण द्यायचे. आईला अजून वाटतं मी कॉम्प्युटरचं काहीतरी करते.

१७ डिसेंबर, बुधवार

हिरव्यांच्या मागच्या मॅचेस बघून काढल्या. आम्ही नंबरानेच ओळखतो, नावं मुद्दाम बघत नाही. पेपरवर बैठक क्रमांक असायचा तसं.

सेफ्टींमधला चोवीस नंबर मला आवडला. आवडणं बरं नाही, पण आवडला. सेफ्टी म्हणजे सगळ्यांच्या मागे उभा राहणारा. पुढचे दहा जण चुकले तरी हा आहे. हा चुकला की मागे नुसतं गवत. घराला कुलूप लावून सगळ्यांत शेवटी बाहेर पडणारं माणूस असतं ना एकेका घरात, तसा. चोवीस दिसतच नाही फारसा. बॉल त्याच्या बाजूला कोणी फेकतच नाही, कारण तो आधीच तिथे असतो.

आमचे गुण उणे दोन ते अधिक दोन, अर्ध्या-अर्ध्याने. नेमून दिलेलं काम केलं की शून्य. सुरुवातीला हे मला फार लागायचं. आमच्याकडे शून्य म्हणजे भोपळा! काम चोख केलं म्हणून भोपळा द्यायचा? ग्रेगला फोनवर विचारलंही होतं. तो म्हणाला, "शून्य इज ब्युटिफुल." चोवीसची पानं शून्यांनी भरलेली आहेत. आता मलाही ती सुंदर वाटतात.

२० डिसेंबर, शनिवार

मॅच आपल्याकडेच होती, घरापासून अर्ध्या तासावर. मिलिंदच्या ऑफिसातून दोन तिकिटं मिळाली. सई आणि मी. मि. घरी, "मी टीव्हीवर बघतो, पाय लांब करून."

शेवटची दोन मिनिटं. हिरवे तीन गुणांनी पुढे. समोरच्या पांढऱ्या टीमने बॉल लांब फेकला, त्यांचा माणूस उजव्या कडेने एकटा पळतोय, आसपास चिटपाखरू नाही. चोवीस मधून धावत सुटला, पण सहा पावलं मागे. शेवटी झेप घेतली, हाताला बूट लागला फक्त. टचडाउन, म्हणजे त्यांना सहा गुण. संपलं.

मग तो उठला, आपल्या टीमकडे वळला आणि छातीवर हात ठेवला. दोनदा. माझं, माझं. अख्ख्या स्टेडियमने बघितलं. सई म्हणाली, "ओह नो, आई, ही इज सो सॉरी." निकालाच्या दिवशी मुलांचे चेहरे बघवायचे नाहीत, तसं झालं.

२१ डिसेंबर, रविवार

टीव्हीच्या फिल्मवरून पहिली फेरी पूर्ण. दुपारी पाठवली.

चोवीस: शून्यं, शून्यं, दोन अर्धे, एक पूर्ण. आणि शेवटून चौथी चाल, उणे दोन. हात जड झाला, पण दिले. मॅचनंतर पत्रकारांनाही तेच म्हणाला तो: "ते माझं होतं. मला उशीर झाला." स्वतःच कबूल केल्यावर मी कोण वकिली करणार?

२३ डिसेंबर, मंगळवार

उंचावरून घेतलेली मोठी फिल्म आली. हिच्यात बावीसच्या बावीस खेळाडू दिसतात, टीव्हीवर मागचे लोक दिसतच नाहीत. नियम असा की हिच्यावर प्रत्येक चाल पुन्हा तपासायची आणि चौकटीत टिक करायची. सकाळी आठ ते तीन. मधे सईला पोहे, मि.ला दोनदा चहा. सगळ्या टिका झाल्या, पाठवलं.

एक लिहून ठेवते. ती चाल पुन्हा बघितली नाही. टिक केली. बघवेना, आणि कबूलच केलंय तर बघायचं काय.

२५ डिसेंबर, गुरुवार

बापटांकडे पॉटलक, प्रत्येकाने एकेक पदार्थ न्यायचा. मी मटार उसळ नेली. पुरुषमंडळी हॉलमध्ये, विषय फायनल. ज्यांना बॉल कुठल्या बाजूने धरायचा ते माहीत नाही तेही तज्ज्ञ. "तो चोवीस यार, त्यानेच घालवली मॅच." "हो ना, झोपला होता." मि. जोरात: "अरे, हिने उणे दोन दिलेत त्याला, ऑफिशियल!" सगळे माझ्याकडे बघून खूश. बापटकाकू म्हणाल्या, "कडक आहेस हो."

मला त्या कौतुकाने बरं वाटलं, हे लपवत नाही.

एकाने फोनवर बातमी दाखवली. चोवीसचं खेळायचं एक वर्ष उरलंय, त्याला मोठ्या विद्यापीठाच्या टीमकडे जायचंय, बदलीची मुदत पाच जानेवारीला उघडते. आणि खाली आमचे गुण छापलेले. फायनलमधल्या चारही सेफ्टींत सगळ्यांत कमी. ते मोठे कोच आधी आकडा बघतात, मग फिल्म. आकडा वाईट असला तर फिल्म उघडतच नाहीत. उसळ छान झाली होती म्हणे. मला चव कळली नाही.

२७ डिसेंबर, शनिवार

सईने बॉम्ब टाकला.

दुपारी माझ्या शेजारी सोफ्यावर पडून म्हणाली, "कॅन आय सी द प्ले?" मी लावली, मोठी फिल्म. स्वतः स्वयंपाकघरात गेले, कणीक भिजवायची होती. पाच मिनिटांनी हाक: "आई, कम हियर. लुक ॲट हिज हँड."

चाल सुरू व्हायच्या आधी. चोवीस मागे उभा आहे. उजव्या कडेच्या तीन नंबरकडे, दुसऱ्या सेफ्टीकडे बघतो, आपल्या हेल्मेटवर दोनदा टपली मारतो आणि पुढे मधल्या जागेत सरकतो.

"व्हॉट डझ दॅट मीन?" सईने विचारलं.

मला माहीत नव्हतं. इतक्या मॅचेस बघून मला माहीत नव्हतं! कणकेच्या हाताने मॅच पहिल्यापासून लावली. लॅपटॉपला पीठ.

चार वेळा सापडली ती टपली. चारही वेळा चोवीस पुढे मधे जातो आणि तीन नंबर मागे धावत जाऊन त्याची जागा धरतो. म्हणजे, मी पुढे जातो, मागचं तू बघ. इतकं साधं. पाचव्यांदा, त्या चालीला, तीन बाहेर कडेला बघत होता. त्याने पाहिलंच नाही. मागे गेलाच नाही. मागे कोणी नाही.

तो माणूस चोवीसचा नव्हताच. चोवीस आपलं काम करत होता, आणि दुसऱ्याचा माणूस सुटलेला दिसल्यावर तरी तिकडून इकडे धावला.

आणि उठल्यावर पहिली गोष्ट काय केली, तर छातीवर हात.

२८ डिसेंबर, रविवार

पोळ्या करपल्या, दोन.

बोर्डाच्या पेपरात आमची पद्धत होती. मुलाने स्वतः काट मारलेलं उत्तर तपासायचं नाही. त्यानेच खोडलंय, आपण पुढे जायचं. वेळही वाचतो. एकदा मॉडरेटर असताना एका मुलीचं खोडलेलं प्रमेय सहज वाचलं. सगळं बरोबर होतं, शेवटच्या ओळीपर्यंत. काय वाटलं तिला कोण जाणे, घाबरून काट मारली आणि खाली चुकीचं लिहिलं. मुख्य परीक्षकांना विचारलं, ते म्हणाले, "बाई, खोडलंय ना? मग?" मी पुढचा पेपर घेतला. तिचा बैठक क्रमांक मला कित्येक वर्षं पाठ होता.

आणि इथे येऊन, दुसऱ्या खेळात, दुसऱ्या देशात, मी तेच केलं. त्याने काट मारली म्हणून वाचलं नाही. शिवाय तपासलं म्हणून टिक केली. ती टिक जास्त लागते आहे.

मि.ला सांगितलं. तो म्हणाला, "एवढं काय, बदलून टाक." जणू रिमोटचे सेल आहेत.

२९ डिसेंबर, सोमवार

ग्रेगला फोन. सगळं सांगितलं, न बघता केलेल्या टिकेसकट. त्याने फॉर्म उघडून बघितला. मग म्हणाला की बदलता येईल, पण टचडाउन झालंय, ते कोणाच्या तरी नावावर जाणार. चोवीसचं नाही तर कोणाचं? फॉर्म त्याशिवाय पुढे जातच नाही. "तीनला उणे दोन दे, मी सही करतो."

मी म्हटलं, विचार करून सांगते. मुदत उघडायच्या आत हवं, असंही म्हणाला. टिकेबद्दल एवढंच: "मला तुझ्याकडून अपेक्षा नव्हती." मलाही नव्हती.

तीन नंबर पहिल्या वर्षाचा आहे. चोवीसला हे ठाऊक असणारच. त्याने विचार करून हात ठेवला की आपसूक गेला, ते फिल्ममध्ये दिसत नाही. आता मी आकडा दुरुस्त केला, तर त्याने जे झाकलं ते मी उघडं करणार. नाही केला, तर तो न केलेल्या चुकीपायी एक वर्ष घालवणार. मोठ्या मनाच्या माणसाची दोन्हीकडून पंचाईत, आणि तिची किल्ली माझ्यासारखीच्या हातात.

मि. जेवताना: "अगं, फॉर्मवर 'अस्पष्ट' असं काही नसतं का? ते टाक. दोघं सुटले." असतं. फिल्मवरून ठरवता येत नसेल तर 'अस्पष्ट', दोघांनाही शून्य. मला सुचलं नव्हतं असं नाही.

सई ताटात बघत म्हणाली, "बट इट्स नॉट अनक्लिअर, बाबा. वी सॉ इट."

मि. म्हणाला, "तुझ्या आईवर गेली आहेस." ते कौतुक नव्हतं.

३० डिसेंबर, मंगळवार

दिवसभर 'अस्पष्ट'च्या भोवती घिरट्या. एकदा तर निवडलं सुद्धा. मग पुसलं. शाळेत असताना ग्रेसचे गुण दिलेत मी, पस्तीसला दोन कमी पडले तर. पण तेव्हा पेपरावर 'ग्रेस' असं लिहावं लागायचं. न दिसल्याचं सोंग घ्यावं लागत नव्हतं.

चाल संपल्यानंतरची फिल्म बघितली. शिट्टीनंतरचं आम्ही तपासत नाही, बघायचं कारण नसतं. तीन नंबर गुडघ्यावर बसलेला, डोकं खाली. चोवीस त्याच्याकडे चालत जातो, काखेत हात घालून उठवतो. काहीतरी बोलतो. मोठ्या फिल्मला आवाज नसतो. मी ओढणीने डोळे पुसले. ह्याला कुठल्या रकान्यात टाकू, ग्रेग?

३१ डिसेंबर, बुधवार

तीन नंबर त्या क्षणी बाहेर का बघत होता? हा प्रश्न मला चार दिवस पडला नाही, याची लाज वाटते. चुकीची जागा सापडली की मी थांबते. मुलांना मात्र सांगायचे, चुकीच्या मागची चूक शोधा.

फिल्मचा कोपरा मोठा करून बघितला. कडेला त्यांचे एक कोच दोन्ही हात हलवून तीनला बोलावताहेत: पुढे ये, पुढे ये. तीनने त्यांच्याकडे बघितलं आणि दोन पावलं पुढे आला. तेवढ्यात मागे टपली झाली. म्हणजे त्याने सांगितलेलं ऐकलंच, फक्त सांगणारे दोन होते. कोचांना गुण द्यायची सोय आमच्याकडे नाही.

पण चाल सुरू व्हायच्या आधी त्याने एकदा मागे वळून बघायला हवं होतं. चारही वेळा बघितलं होतं त्याने. पाचव्यांदा नाही. हेही खरं आहे.

बापटांकडे नवीन वर्षाचं बोलावणं. मी गेले नाही. डोकं दुखतंय म्हटलं, ते खोटं नव्हतं.

२ जानेवारी, शुक्रवार

पाठवलं.

चोवीस: उणे दोन रद्द. नेमलेलं काम केलं म्हणून शून्य, दुसऱ्याच्या माणसामागे धावला म्हणून अर्धा. अधिक अर्धा. त्याच्या हातून मॅच गेली त्या चालीला अधिक अर्धा! पॉटलकवाले मला वेडी म्हणतील.

तीन: उणे एक. दोन नाही. उत्तर चुकलं, पण कोचांचं ऐकण्याची पायरी बरोबर होती; आमच्याकडे पायरीचे गुण असतात. शेऱ्यात कोचांच्या हातांचं लिहिलं, फिल्मचा सेकंद दिला. ग्रेगला उणे दोन हवे होते, तो सही करेल की नाही माहीत नाही. न केली तर दोन्ही बदल अडकतील. मि. म्हणाला, "कशाला हट्ट? उणे दोन लिही, काम होऊन जाईल. तुला चोवीसला वाचवायचंय ना?" बरोबर होतं त्याचं. पण एकाला वाचवायला दुसऱ्याला न केलेलं चिकटवायचं, तर मी त्या रविवारी केलं त्यात आणि ह्यात फरक काय? हे त्याला तिखट आवाजात सांगितलं. मग चहा करून दिला.

फॉर्मवर शेवटी एक रकाना: आधीचे गुण चुकण्याचं कारण. बरीच मिनिटं बसले. लिहिलं: 'चूक माझी. खेळाडूने स्वतःला दोष दिला म्हणून मी चाल तपासली नाही, आणि तपासली अशी टिक केली.' लिहिताना एक हात आपोआप छातीवर गेला होता, तो काढून टाइप केलं. पुढच्या सीझनला फायनल मिळणार नाही, कदाचित काहीच मिळणार नाही. ते ठीक आहे असं म्हणणार नाही. वाईट वाटतं.

चोवीसला काय वाटेल, हे राहून राहून मनात येतं. त्याने मागितलं नव्हतं. रागवेलही. मी त्याचा शब्द खोटा पाडला, सगळ्यांसमोर. त्याला कधी भेटले तर काय सांगणार? की बाबा रे, तू खोडलंस, पण मला वाचता येत होतं.

४ जानेवारी, रविवार

सईला विमानतळावर सोडलं. मि. गाडीतच, पार्किंग मिळेना. बॅगेत लाडू, चिवडा, लोणच्याची बाटली तीन पिशव्यांत गुंडाळून. "आई, दे विल थ्रो इट." "टाकू देत. तू ने." चेक-इन बॅगेत घातली शेवटी.

ग्रेगचं उत्तर नाही. शनिवार-रविवार आहे, मान्य, पण मुदत उद्या उघडते. रांगेत तीनदा फोन बघितला. सईने हातातून काढून माझ्या पर्समध्ये टाकला. म्हणाली, "यू डिड इट राइट. नाउ स्टॉप." मग मराठीत, तिच्या त्या अडखळत्या मराठीत, "आता तुझं काम झालं." ती मराठीत बोलली की मला भरून येतं, तिला ते माहीत आहे, म्हणून ती जपून बोलते.

सिक्युरिटीच्या पलीकडे गेली. बूट काढले, घातले, बॅग उचलली. मला वाटलं आता वळणार नाही, ती वळत नाही सहसा. मीही निघाले होते. काय वाटलं कोण जाणे, एकदा मागे बघितलं.

ती थांबली होती. माझ्याकडे बघून तिने आपल्या डोक्यावर दोनदा टपली मारली आणि पुढे गेली.

पाहिलं मी.